जवळपास सर

आमच्या ह्यांना कॉलेजातली मुलं 'जवळपास सर' म्हणायची. मुलांच्या अकलेवर माझा फारसा विश्वास नाही, पण हे नाव त्यांनी अचूक ठेवलं. एकोणतीस वर्षं ह्या माणसाने तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात एकच विषय उगाळला, आणि त्याचा सारांश एवढाच की, सगळ्यात चांगलं उत्तर शोधणं फार कठीण असेल तर त्याच्या जवळपासच्या उत्तरावर भागवावं. वर, ते नक्की किती जवळपास आहे हे सिद्ध करायला पानंच्या पानं खर्ची घालावीत. अशा कामाला दर महिन्याला पगार मिळतो हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मला सांगितलं होतं की मुलगा संशोधन करतो.

घरातही सगळं जवळपासच. दुधाची पिशवी आणायला सांगितली की दुकानाच्या जवळपास जाऊन परत यायचे. सदऱ्याची बटणं एक घर वर किंवा एक घर खाली. मुलगी कितवीत आहे असं कुणी विचारलं की 'सातवी, आठवी, त्या सुमारास' असं उत्तर. आणि हे सगळं इतक्या शांतपणे, की भांडायला गेलेल्या माणसालाच आपण काहीतरी क्षुल्लक बोलतोय असं वाटावं. मला आयुष्यात सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर ह्या शांतपणाचा.

त्यांचा तो महान प्रश्न मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात समजला. काही कामं आहेत, काही यंत्रं आहेत. प्रत्येक कामाला लागणारा वेळ ठरलेला. एका वेळी एका यंत्रावर एकच काम, आणि एकदा लावलं की पुरं होईपर्यंत काढायचं नाही. तर कुठलं काम कुठल्या यंत्रावर लावलं म्हणजे सगळं लवकरात लवकर आटपेल? हे ऐकून मी म्हटलं, "अहो, ही तर आमची लाँड्री झाली. हे मी चौदाव्या वर्षापासून करतेय." त्यावर हे इतके खूश झाले की जेवताना दोनदा ताट सोडून कागद आणायला उठले.

लाँड्री माझ्या वडिलांची. वर आमच्या दोन खोल्या आणि खाली दुकान. दुकानात गोल काचेच्या दारांची दोन मोठी मशिनं, घड्या घालायचं लांब लाकडी टेबल, आणि खिडकीशी इस्त्री. ह्या मशिनांत कपडे धुऊन, पिळून, वाळून एकदमच बाहेर येतात. दार एकदा बंद झालं की मशीन थांबेपर्यंत उघडत नाही, मग आत कुणाचं पाकीट राहिलेलं असो की चष्मा. वडिलांनी मला एकच रीत शिकवली होती. मोठं आधी. जे मशीन रिकामं होईल त्यात उरलेल्यांतलं सगळ्यात जास्त वेळ खाणारं गाठोडं टाकायचं. मोठं मागे ठेवलं तर शेवटी सगळे त्या एकाच्या तोंडाकडे बघत बसतात. एवढं साधं. ह्या रितीवर वडिलांनी आम्हा तीन बहिणींची लग्नं केली आणि मी वीस वर्षं दुकान चालवलं.

ही रीत पाहिल्यावर ह्यांचा चेहरा कसा उजळला होता ते मला अजून आठवतं. म्हणाले, "अगं, तू जे करतेस ना, त्यावर प्रमेय आहे."

"असू दे," मी म्हटलं.

"दोन मशिनं असतील तर तुझ्या रितीला सगळ्यात चांगल्या वाटणीपेक्षा फार तर एक षष्ठांश वेळ जास्त लागतो. त्याहून जास्त कधीच नाही. म्हणजे फार चांगली रीत आहे."

त्यांनी ते कौतुकाने सांगितलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला ऐकू आलं ते एवढंच, की माझ्या वडिलांची रीत एक षष्ठांश वाईट आहे. हे सांगणारा कोण, तर ज्याने उभ्या जन्मात एक पायमोजा धुतला नाही तो. मी त्यांना म्हटलं, तुमचा षष्ठांश तुमच्या कॉलेजात ठेवा. त्यांनी तो ठेवला.

त्यांच्या संशोधनाची कथाही सांगून टाकते, म्हणजे माणूस लक्षात येईल. ह्याच प्रश्नाचं एक जास्त गुंतागुंतीचं भावंड होतं. त्यात अमुक काम झाल्याशिवाय तमुक काम सुरू करायचं नाही, अशा अटी. त्यावर कुणीतरी अशी रीत काढून ठेवली होती की जिला फार तर दीडपट वेळ लागेल. ह्यांनी त्या दीडाचं एक पूर्णांक अठ्ठेचाळीस शतांश केलं. त्याला अकरा वर्षं लागली. अकरा वर्षांत मुलगी शाळेत जाऊन शाळेच्या बाहेर पडायला आली, घराला दोनदा रंग लागला, माझे वडील गेले, आणि ह्यांनी दोन शतांश कमी केले. तो निबंध छापून यायच्या आतच कुठल्यातरी परदेशातल्या पोरीने तीन पानांत त्याचं एक पूर्णांक एक तृतीयांश करून टाकलं. माझ्या नवऱ्याचा निबंध आला तेव्हा तो शिळा होता.

दुसऱ्या कुणाला झोप लागली नसती. हे घरी आले ते हसत. मला टेबलाशी बसवून तिची तीन पानं समजावून सांगायला लागले. "बघ, काय सुंदर केलंय. मला हे सुचायला हवं होतं." मी म्हटलं, "तिने तुमची अकरा वर्षं कचऱ्यात टाकली आणि तुम्ही तिचे गोडवे गाताय." त्यावर म्हणाले, "पण उत्तर जवळ आलं ना." ह्या माणसाला अपमान म्हणजे काय हे शिकवायचं कुणीतरी राहून गेलं होतं.

निवृत्त झाल्यावर हे दिवसभर घरात, म्हणजे माझ्या डोक्यावर. महिनाभरातच खाली उतरले आणि म्हणाले, आज मी लावून देतो. हॉटेलचा दिवस होता, चौदा गाठोडी आली होती. मी मूर्ख, हो म्हटलं. यांनी कागद घेतला, पेन्सिलीला टोक काढलं आणि टेबलाशी बसले. मी पहिलं गाठोडं मशिनीत टाकायला गेले तर हात वर करून म्हणाले, "थांब, अजून ठरलं नाही." आयुष्यभर ह्यांनी जवळपासवर पोट भरलं, आणि माझ्या दुकानात पाऊल टाकल्यावर यांना तंतोतंत उत्तर हवं झालं. दोन्ही मशिनं तोंडं वासून उभी. आमची इस्त्रीवाली, हात रिकामे नकोत म्हणून, इस्त्री उगाच कोऱ्या कापडावर फिरवत बसली. दोन तासांनी साहेब उठले. सांगतात काय, तर "माझ्या वाटणीत तुझ्यापेक्षा वीस मिनिटं वाचतात."

"आणि हे दोन तास?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. खरंच सांगते, त्या दोन तासांचा हिशेब त्यांच्या कागदावर नव्हताच.

त्या दिवशी हॉटेलवाल्याची बोलणी मी खाल्ली, आणि संध्याकाळी ह्यांच्याकडून शब्द घेतला. इस्त्रीवालीसमोर घेतला, मुद्दाम. दुकानात यायचं असेल तर गाठोडी उचलायची, गाठी सोडायच्या, घड्या घालायच्या. कुठलं गाठोडं कधी टाकायचं ह्याबद्दल तोंड उघडायचं नाही. "एक शब्द नाही," मी म्हटलं. "बरं," ते म्हणाले. इस्त्रीवाली खाली मान घालून हसली, ते मला आवडलं.

त्यांनी शब्द पाळला. दोन वर्षं पाळला. दुकानात काही म्हणायला तोंड उघडायला लागले की मी नुसतं ओठांवर बोट ठेवायची, की गप्प. गिऱ्हाइकांनाही गंमत वाटायची. मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिने हे पाहिलं आणि मला म्हणाली, "आई, बाबांना असं नको करूस." मी म्हटलं, तू तुझ्या घरी तुझ्या नवऱ्याला हवं तसं वागव.

मग ते हॉस्पिटलचं काम आलं. आमच्या सगळ्यांचं पोट त्यावर होतं, हे आधी सांगते. हॉटेलने स्वतःची मशिनं घेतली होती आणि आमच्याकडे उरली होती शेजारपाजारची धुणी. एवढ्यावर दोन माणसं जगली असती, तिसरं नाही. तिसरी म्हणजे इस्त्रीवाली. वडिलांच्या वेळेपासूनची, घरी अंथरुणाला खिळलेली सासू, आणि ह्या इस्त्रीखेरीज दुसरं काही हातात नाही. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी फोन केला की नवीन वॉर्ड सुरू होतोय, त्याचं एका दिवसाचं काम देऊन बघतो. वेळेत झालं तर वर्षभराचं सगळं तुमचं. नाही झालं तर गावाबाहेरचा मोठा कारखाना आहेच.

मेट्रनबाई फोनवर होत्या आणि मी मोठ्याने हिशेब करत होते. ब्लँकेटांची दोन गाठोडी, वाळायला वेळ लागतो म्हणून प्रत्येकी तीन तास. चादरींची तीन, प्रत्येकी दोन तास. सगळे मिळून बारा तास. मशिनं दोन, म्हणजे सहा तास. "बारा वाजता माल पोचवा," मी म्हटलं, "सहाला धुऊन तयार, साडेसहाला तुमच्या व्हॅनमध्ये." हे टेबलाशी तुटकी बटणं निवडत बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी हलवली. जणू मी त्यांची परवानगी मागितली होती.

माल बाराला पाच मिनिटं असताना आला. मी दारात व्हॅनवाल्याच्या वहीत सही करत होते, कुठल्या गाठोड्यात किती नग ते मोजून घेत होते. आत वळले तोवर ह्यांनी ब्लँकेटांचं एक गाठोडं पहिल्या मशिनीत टाकून ते सुरूही केलं होतं. ते ठीक. पण दुसऱ्या मशिनीत चादरी अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, आणि ब्लँकेटांचं दुसरं गाठोडं छातीशी कवटाळून हा माणूस उभा.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं. "मोठं आधी. दोन वर्षं झाली इथे, एवढंही कळू नये?"

मी चादरी ओढून बाहेर काढल्या. गाठोड्याला हात घातला तर सोडेनात. खरोखर धरून ठेवलं. साठी उलटलेला माणूस, चष्मा ब्लँकेटवर दाबला जाऊन वाकडा झालेला. इस्त्रीवाली बघत होती. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मी म्हटलं, "लहान मूल आहे का ते? सोडा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं.

मी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी तोंड मिटलं आणि हात सैल केले. मी ब्लँकेटं दुसऱ्या मशिनीत कोंबली आणि दार लावलं. मशीन फिरायला लागलं तेव्हा घड्याळात बरोबर बारा वाजले होते.

तीनला दोन्ही मशिनं थांबली. दोन्हीत चादरी टाकल्या. आम्ही तिघांनी ब्लँकेटांच्या घड्या घातल्या, मी इस्त्रीवालीला सांगत होते की उद्यापासून दोन वेळा चहा मिळेल. पाचला दोन्ही मशिनं पुन्हा थांबली. चादरी बाहेर काढल्या, आणि मग मला दिसलं. दोन मशिनं रिकामी आणि गाठोडं एक.

मला आधी कळेचना की चुकलं काय. बारा तासांचं काम, दोन मशिनं, पाच वाजलेले, आणि अजून दोन तास. गाठोडं अर्धं-अर्धं करून दोन्हीकडे टाकावं म्हटलं, तर हॉस्पिटलच्या चादरींचा गरम पाण्याचा फेरा, तो चार चादरींनाही दोन तास आणि चाळीस चादरींनाही दोन तासच. एका मशिनीत टाकलं. दुसरं तोंड वासून बसलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते त्या रिकाम्या मशिनीकडे बघत उभे होते.

साडेसहाला व्हॅन आली. व्हॅनवाला बिचारा दहा मिनिटं थांबला, मग चार गाठोडी घेऊन गेला. पाचवं सातला निघालं. मी ते रिक्षात टाकून स्वतः घेऊन गेले. नव्या वॉर्डात एका बाजूला पेशंट उघड्या गाद्यांवर बसले होते, एक म्हातारी गादीच्या रेक्झिनला हाताने पुसत होती. मेट्रनबाई ओरडल्या नाहीत. "काम स्वच्छ आहे तुमचं," म्हणाल्या, "पण मला सहाचं सात चालत नाही."

रात्रभर मी हॉस्पिटलला शिव्या दिल्या. सकाळी इस्त्रीवालीला सांगितलं की ह्या लोकांनी अशक्य काम दिलं होतं, मुद्दाम, कारखान्याला द्यायचं आधीच ठरलं असणार. तिने ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस, हेही मीच सांगितलं. ते तिने तसंच ऐकून घेतलं. "असं कसं ताई," एवढंच म्हणाली, "तुम्ही तर सहा म्हणाला होतात."

तेच मला टोचलं. दुपारी दुकानात कुणी नसताना मी कपड्यांचे चिमटे घेऊन टेबलाशी बसले. अशक्य होतं हे मला स्वतःला दाखवायचं होतं. तीन चिमट्यांच्या दोन जुड्या, दोन चिमट्यांच्या तीन. तासाला एक चिमटा. टेबलावर दोन ओळी, एकेक मशिनीची. काल टाकलं तसं मांडलं, एक ओळ पाचाची, एक साताची. अदलाबदल केली, तेच. मग नुसतं बघू म्हणून तीनची जुडी उचलली आणि पहिल्या तीनच्या मागे लावली. दोघी एकाच ओळीत. सहा. दुसऱ्या ओळीत दोन, दोन, दोन. सहा.

ब्लँकेटं दोन्ही एकाच मशिनीत, एकामागून एक. चादरी सगळ्या दुसऱ्यात. दुधखुळ्या पोरालाही जमलं असतं. मला वडिलांची रीत इतकी पाठ होती की मी पाच गाठोड्यांकडे डोळे उघडून पाहिलंही नाही. आणि सहाचे सात, म्हणजे एक षष्ठांश. त्याहून जास्त कधीच नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षात सांगून ठेवलेलं होतं.

मग ते गाठोडं छातीशी धरून उभे असलेले हे मला दिसले. दुसऱ्या मशिनीत अर्ध्या भरलेल्या चादरी दिसल्या. बोलायची बंदी होती म्हणून ह्या माणसाने हातांनी सांगायचा प्रयत्न केला होता, आणि मी ते हात सोडवले होते.

मी वर गेले. हे खिडकीशी वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी आकडे लिहीत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"बाराला?"

"तू फोनवर बोललीस तेव्हाच."

मला रडू यायला हवं होतं, पण मला आला संताप. जुनाच, सवयीचा. "मग बोलायला काय झालं होतं? शब्द दिला म्हणून गप्प बसलात? तिची नोकरी गेली हो. एका वाक्याचं काम होतं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. टोमणा मारता येणाऱ्यांतले ते नव्हेत, हे मी इतक्या वर्षांत ओळखून आहे. वर्गात मुलांना विचारत असतील तसं, खरंच उत्तर हवंय अशा आवाजात त्यांनी विचारलं, "बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

खोटं बोलायला मला वेळ होता. ते थांबले होते, घाई नव्हती त्यांना. मी बारा वाजताचं दुकान डोळ्यांसमोर आणलं. ते बोलतायत, इस्त्रीवाली बघतेय, आणि मी काय म्हणाले असते ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं.

"नसतं ऐकलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मग सातच वाजले असते," म्हणाले, आणि पेन्सिल उचलली.

मी खाली आले. इस्त्रीवाली दुपारच्या कामाला आली होती आणि इस्त्री तापत ठेवून टेबलावरचे चिमटे गोळा करायला लागली होती. मी तिला म्हटलं, राहू दे ते तसेच, आणि तिला त्या दोन ओळी दाखवल्या. कुठली ब्लँकेटं, कुठल्या चादरी, सगळं सांगितलं. काम अशक्य नव्हतं, साहेबांना ठाऊक होतं, मी त्यांना बोलू दिलं नाही, हेही सांगितलं. तिला समजायला वेळ लागला नाही. तिने चिमट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि महिना भरायची वाट न बघता तापलेल्या इस्त्रीचं बटण बंद केलं.